पाच गाळ्यांचा पूल आणि माझं बोथट ब्लेड

बांधून झालेल्या पुलाशी कुणीही भांडतं. एसटी खड्ड्यात आदळली की सगळी बस भांडते. मी मात्र अशा पुलाशी भांडलो, ज्याचा अजून एक दगडही रचला नव्हता. तो पूल तेव्हा कागदावर होता, आणि कागदावर तो काय होता? दोन रेघा! त्या दोन रेघांपायी मी एका हेड ड्राफ्ट्समनचा चष्मा घसरवला, अमरावतीच्या मोठ्या साहेबांना भर उन्हात मातीच्या नदीकाठी बसवलं, आणि माझ्या मायनं सरकारी अंगणात पूर आणला. सांगतो.

माझं वय तेव्हा बावीस. अकोल्याला बांधकाम खात्याच्या कचेरीत मी ट्रेसर होतो. ट्रेसर म्हणजे काय ते आताच्या पोरांना समजावून सांगावं लागतं. दुसऱ्यानं पेन्सिलीनं काढलेला नकाशा खाली ठेवायचा, त्यावर आरपार दिसणारं ट्रेसिंगचं कापड ताणून बसवायचं आणि खालची रेघ वर काळ्या शाईनं गिरवायची. स्वतःची अक्कल चालवायची नाही. अक्कल चालवायला वर हेड ड्राफ्ट्समन, त्यांच्या वर साहेब, साहेबांच्या वर अमरावतीचे मोठे साहेब. आमच्यापर्यंत पोचता पोचता अक्कल संपून जाई. चूक झाली तर ब्लेडनं शाई हलकेच खरवडायची. मग ते कापड मसाला लावलेल्या कागदावर ठेवून, काचेच्या चौकटीत दाबून उन्हात मांडायचं आणि कागद हौदातल्या पाण्यानं धुवायचा. निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांचा नकाशा उमटे. अकोल्याचं ऊन सरकारच्या उपयोगी पडताना मी तेवढंच पाहिलं.

साठ सालानंतरची गोष्ट. एके दिवशी हेडनी माझ्या टेबलावर एक गुंडाळी टाकली. "तीन दिवसांत ट्रेस करून दे. नवा पूल आहे, अकोटाच्या बाजूला."

गुंडाळी उलगडली आणि मी खुर्चीतून उठलोच. तो माझ्याच गावचा नकाशा होता!

आमच्या नदीवर तोवर रपटा होता. रपटा म्हणजे पात्रातच घातलेला दगडी बुटका रस्ता. पूर आला की रपटा पाण्याखाली, वाहतूक बंद, आणि शिक्षकापासून कापसाच्या गाडीपर्यंत सगळे दोन्ही काठांवर बसून बिड्या ओढत. गैरसोय होती, कबूल. पण रपट्याचा एक गुण होता. पाणी चढलं की तो आडवा येत नसे. पाणी त्याच्या डोक्यावरून आणि दोन्ही बाजूंच्या बुटक्या रस्त्यावरून पसरून खालच्या वावरांत निघून जाई. आता तिथे उंच पूल होणार होता, पाच गाळ्यांचा. आणि पुलापर्यंत चढायला दोन्ही बाजूंना मातीचा उंच भराव.

आता नकाशा बघा. नदी निळ्या पट्ट्यानं दाखवलेली. महापूर आला तर पाणी कुठवर पसरेल ती पूररेषा तुटक. आणि पूल म्हणजे नदीवरून आडव्या गेलेल्या दोन रेघा, ज्यांच्या खालून निळा रंग सुखानं वाहत होता. चार खांब कुठेच नाहीत. भरावाची उंची कुठेच नाही. गाव एकेक घर मोजून काढलेलं, देवळासकट, पिठाच्या गिरणीसकट. आणि नदीच्या वरच्या अंगाला, भरावाच्या कुशीत, सखल जागेवर असलेली आमची वस्ती? एक ठिपक्यांचा गोल. पूररेषा त्या गोलापासून एक वावर दूर थांबलेली, जणू पाहुणी शिवाशिव पाळून उभी.

मी नकाशा घेऊन हेडकडे गेलो. हेड वयानं मोठे, अक्षर मोत्यासारखं, आणि स्वभाव मोत्यातल्या खड्यासारखा.

"हेडसाहेब, यात पूल कुठे आहे?"

"डोळे आले का तुझे? हा काय."

"हा रस्ता आहे. पाण्याला पूल कुठे लागतो ते दाखवा."

"अरे, पूल वर असतो, पाणी खाली असतं. त्यांचं भांडण कशाला होईल?"

"खांब खाली असतात. भराव तर जमिनीतूनच वर येतो. पाणी येऊन त्याला थटेल आणि मागं फुगेल. मागं आमची वस्ती आहे."

"म्हणजे तुझं घर आहे, असं सांग ना."

"हो. माझं घर आहे."

ऑफिसात दोघेतिघे हसले. मीही हसलो, कारण खरं सांगण्यात मला कधी संकोच वाटला नाही. छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर आमच्या वस्तीत वाकून बोलायची सवय कुणाला उरली नव्हती. पाठीचा हा ताठरपणा मलाही जडला होता, आणि सरकारी दवाखान्यात त्यावर औषध नव्हतं.

"खालची रेघ वर गिरव," हेड म्हणाले. "तुझा पगार त्याचा आहे."

रविवारी गावी गेलो. मायनं त्याच वर्षी विटांचं घर बांधलं होतं, वस्तीतलं पहिलं. त्याच्या विटा तिनं स्वतः डोक्यावरून आणल्या होत्या. मी तिला पायरीवर बसवून, चुलीतली राख पसरून तिच्यात काडीनं नदी, रस्ता, पूल सगळं काढून दाखवलं. माय शाळेत गेली नव्हती, पण नकाशा तिला माझ्याआधी कळला.

"दोन्हीकून मातीचा बांध घालनार?"

"हो."

"अन् मधात पाच भोकं?"

"गाळे म्हणतात, माय."

"भोकंच ते. हा पूल नोय बाप्पा, हे धरन हाये. पानी जाइन कुठी?" तिनं राखेतल्या नदीवर तळहात आडवा धरला आणि दुसऱ्या हातानं राख लोटली. राख हाताला थटून बाजूला पसरली आणि मी काढलेल्या घरावर गेली. "पाय. झालं आपलं घर."

"मी हेडला सांगितलं. ऐकत नाहीत."

"मंग सांगत काहून बसला? तुया हातात पेन हाये ना?"

माझ्या नोकरीचा एवढा नेमका हुकूम मला कुणीच दिला नव्हता.

सोमवारी मी कापड ताणलं आणि आयुष्यात पहिल्यांदा अक्कल चालवली. पुलाच्या दोन रेघांमध्ये चार खांब काळेकुट्ट भरले. भराव उतरत्या रेघांनी दाखवला. ठिपक्यांचा गोल गाळून त्या जागी वस्तीतलं एकेक घर काढलं. मायच्या घराला तर दारही काढलं, जे खात्याच्या कुठल्याच नियमात बसत नाही. आणि पूररेषा? ती पुलाच्या वरच्या अंगाला फुगवून, भरावाच्या कडेनं फिरवून, बरोबर मायच्या उंबऱ्यावरून नेली. वर जाड निबनं, दोनदा गिरवून. शाई अशी प्यायली त्या कापडानं, म्हैस पाणी पिते तशी!

हेडनी पाहिलं आणि चष्मा नाकाच्या टोकावर आला. "हे काय आहे?"

"पूल."

"खरवड. आत्ता."

"माझं ब्लेड बोथट झालं, हेडसाहेब."

"माझं घे."

"तुमच्या ब्लेडला हात लावायची माझी लायकी नाही."

सगळी खोली ऐकत होती. शेवटी त्यांनी स्वतः ब्लेड घेतलं आणि तासभर माझी पूररेषा खरवडली, खांब खरवडले, घरं खरवडली. जुनी तुटक रेघ स्वतःच्या मोत्यांनी पुन्हा घातली.

आता या धंद्यातली एक खोच सांगतो. ट्रेसिंगच्या कापडावर शाई एकदा आत मुरली की खरवडल्यावर काळं जातं, पण कापड तिथं खरखरीत होतं. डोळ्याला दिसत नाही. उन्हाला दिसतं! त्या खरखरीत जागेतून ऊन पुरतं झिरपत नाही, आणि निळ्या प्रिंटवर तिथं फिकट पांढरी सावली उमटते. हेडना हे माहीत नव्हतं असं नाही. पण ब्लेड धरायला त्यांच्या हाताखाली आम्ही होतो, आणि खरवडल्यावर नखानं घासून कापड गुळगुळीत करायची सवय त्यांच्या हाताची केव्हाच मोडली होती. प्रिंट पाहायलाही त्यांना वेळ नव्हता. गठ्ठा तसाच अमरावतीला गेला. मी जाड निब का घेतला होता, ते आता लक्षात आलं असेल.

आठ दिवसांनी अमरावतीचे मोठे साहेब अकोल्याला आले. पुण्याकडचे, सावकाश बोलणारे. त्यांनी प्रिंट टेबलावर पसरला.

"हेड, हे पुलावर काय आहे? धुकं पडलंय का?"

"कापड जरा खराब होतं, साहेब."

"कापड असं रेघेत खराब होत नाही. ही सावली भरावाच्या कडेनं वळते आणि एका घरापाशी थांबते. घराला चक्क दार आहे." त्यांनी मान वर केली. "कुणाचं काम हे?"

"माझं, साहेब," मी म्हणालो. "माझं काम ते खालचं. वरचं हेडसाहेबांचं."

साहेबांनी मला सगळं बोलू दिलं. मग म्हणाले, "ट्रेसरनं रेघ काढली म्हणून मी पूररेषा हलवायची? खांबांनी पाणी किती फुगतं याचं गणित असतं. ते फार नसतं. तुझ्याकडे गणित आहे?"

"नाही, साहेब. नदी आहे."

"मग दाखव नदी. पुढच्या आठवड्यात परत येतो."

कचेरीत एक मिस्त्री होता, मुसलमान, अकोल्यातलाच. दगडाला हात लावून तो कुठल्या खाणीचा ते सांगे. त्याला मी गाठलं. "चाचा, अंगणात नदी बांधायची आहे."

"बांध देंगे. कित्ती लांब?"

"दहा पावलं."

"बस? मले वाटलं खरीच म्हनून राहिला." आणि त्यानं ती खरीच बांधली. माती चोपून पात्र केलं, वर सिमेंटचा हात फिरवला, कौलांचे तुकडे घासून चार खांब उभे केले, त्यावर पत्र्याची पट्टी, दोन्हीकडे भराव. काड्यापेट्यांची वस्ती मी मांडली. पाणी प्रिंट धुण्याच्या हौदातून.

ठरलेल्या दिवशी माय अकोल्यात हजर. मी तिला बोलावलं नव्हतं. "माया घराचा तमाशा हाये, अन् मीच पायनार नाई?" म्हणाली आणि चौकीदाराच्या चुलीशेजारी सावलीत जाऊन बसली.

साहेबांना खुर्ची दिली. हेड त्यांच्या मागे. सगळी कचेरी कठड्याला. मी नाटकातल्या राजासारखा हात वर केला आणि मिस्त्रीनं हौदाची गुडदी काढली.

पाणी आलं. खळखळत आलं, पुलापाशी आलं, आणि पाचही गाळ्यांतून, देवाशपथ, असं सभ्यपणे निघून गेलं की त्याला बक्षीस द्यावं! पुलामागं फुगलं ते नखाएवढं. काड्यापेट्या कोरड्या ठणठणीत. मिस्त्रीनं धार वाढवली. पाणी थोडं वर चढलं, पण वस्तीला शिवलं नाही.

हेड खोकले. तो खोकला मला आजही ऐकू येतो. त्यात हसू कालवलेलं होतं.

साहेब म्हणाले, "बघितलंस? मी म्हटलं होतं. खांब आहेत, पण पाणी वाट काढतं. पूल आहे तसाच राहील." आणि ते खुर्चीतून उठू लागले.

मी वर धरलेला हात खाली घेतला. कारण माझ्या डोळ्यांनी मीच पाहिलं होतं. साहेबांचं गणित बरोबर होतं.

"थांबा ना, सायेब," माय चुलीपाशी उभी होती. "हे पानी कोनाचं?"

"ही कोण?"

"माझी माय, साहेब."

"पानी कोनाचं म्हनलं म्या."

साहेब गडबडले. "हौदाचं."

"तेच तं! नळाचं पानी, न्हाऊन-धुऊन आलेलं. आमची नदी अशी रिकाम्या हातानं येत नाई." तिनं चुलीजवळचा जळणाचा भारा ओढला. पऱ्हाट्या. कापूस वेचून झाला की उपटून ठेवलेली वाळकी झाडं. वऱ्हाडात वर्षभराचं जळण तेच. ती भराभरा मोडायला लागली, काडीएवढे, बोटाएवढे तुकडे. "मिस्त्रीभाऊ, सोडा पानी."

"सोडतो, आपा," म्हणून मिस्त्रीनं गुडदी काढली. साहेबांना त्यानं विचारलं नाही.

मायनं ओंजळभर तुकडे पात्राच्या वरच्या टोकाला टाकले, मग आणखी एक ओंजळ, मग पदरात होते तेवढे सगळे. तुकडे वाहत आले. पहिला एक खांबाला आडवा लागला. दुसरा त्याला. फांद्यांनी फांद्या धरल्या आणि बघता बघता दोन गाळ्यांच्या तोंडाशी काट्याकुट्यांचं कुंपण उभं राहिलं. पाणी थबकलं. मागे वळलं. भरावाच्या कडेकडेनं, मी काढलेल्या रेघेवरून चालत आल्यासारखं, ते वस्तीत शिरलं आणि काड्यापेट्या तरंगायला लागल्या.

कठड्यावरून कुणीतरी शिट्टी मारली. मी नव्हतो. माझे दोन्ही हात तोंडावर होते.

साहेब उकिडवे बसले, धोतरातल्या शेतकऱ्यासारखे, पँटची पर्वा न करता. एक काडी बोटानं काढू पाहिली, निघेना.

"एवढ्या पऱ्हाट्या नदीत येतात कुठून?"

"काठावर गंज्या रचल्या रायते, सायेब. सगळ्या गावाच्या."

"मग काठावर कशाला रचता? घरापाशी ठेवा."

मायनं पदर झटकला. "गावातल्या लोकायले आग लागायचा भेव, म्हनून थे काठावर ठेवते. अन् आमाले गावात जागा कोन देते? आमचं घरच काठावर हाये. तुमच्या कागदावर तं थेबी नोतं."

साहेबांनी खिशातून पेन्सिल काढली. "किती गाळे तुंबतात, बाई?"

"दोन तं धरूनच चाला."

त्यांनी त्याच प्रिंटवर पाचांतल्या दोन गाळ्यांवर फुल्या मारल्या. "म्हणजे पूल पाच गाळ्यांचा बांधायचा," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "पण नदीपुढं तीनच गाळ्यांचा समजायचा." मग आमच्या बाजूच्या भरावात तीन टिंबं दिली. "इथं मोऱ्या ठेवा. मोठ्या. पाण्याला दुसरी वाट हवी."

"साहेब, नकाशा मंजूर झालेला आहे," हेड म्हणाले.

"मग पुन्हा मंजूर होईल." साहेब माझ्याकडे वळले. आता त्यांचा आवाज मघासारखा राहिला नव्हता. "हे मी एका बाईच्या शब्दावर आणि काड्यापेट्यांवर करतोय. उद्या वर विचारलं तर कुणाचं नाव सांगू? नव्या नकाशावर पूररेषेखाली तू सही करायची. चुकलं तर तुझी नोकरी राहणार नाही."

ट्रेसरची सही नकाशाच्या कोपऱ्यात असते, मुंगीएवढी. मी पूररेषेखाली मधोमध केली. गाडीएवढी. मायनं विचारलं, "हे काय लिवलं?" मी म्हणालो, "आपलं घर."

पूल झाला. तीन मोऱ्याही झाल्या. आणि हेडनी कुठली किल्ली फिरवली कोण जाणे, माझी बदली मेळघाटात झाली, जिथं ट्रेस करायला झाडांखेरीज काही नव्हतं. मी ती बदली हार घालून घेतली. खरंच, स्वतःच हार विकत घेतला आणि कचेरीतून गळ्यात घालून बाहेर पडलो.

दुसऱ्या वर्षी तो पूर आला, ज्याची गोष्ट मायच्या सासूनंही फक्त ऐकलेली होती. मला कळलं तेव्हा पाणी ओसरायला लागलं होतं. दोन एसट्या बदलून, पुढं चिखलात चालत पुलावर पोचलो. पऱ्हाट्यांचं कुंपण खांबांना अडकलेलं होतं. दोन गाळ्यांत नव्हे, तीनांत. मायचा अंदाज एकानं कमी पडला होता. खाली तीन मोऱ्या तोंडभर पाणी ओकत होत्या, आणि पलीकडं वस्ती उभी होती. सगळी. चिखलात, कुडकुडत, कोंबड्या छपरांवर, पण उभी.

माय पायरीवर बसून होती. रात्रभर झोपली नसावी. मला पाहून रडेल असं वाटलं. तिनं जोत्यावरच्या ओल्या खुणेकडं बोट केलं.

"तुयी रेघ कुठून होती रे? उंबऱ्यावरून ना?"

"हो."

"पानी अठी थांबलं. उंबऱ्याच्या चार बोटं खाली. चुकलं तुयं."

"चुकलं."

"मंग? सायेबाले सांगून कागद दुरुस्त करनार का नाई? चुकलं तं नोकरी जाइन म्हने."

मी चिखलातच तिच्या शेजारी बसलो. मला हसू येत होतं.

"मी खरवडत नाही, माय," मी म्हणालो. "पाण्याला म्हणावं, चार बोटं त्याची चुकली."

तिनं ओल्या पदराचा फटका माझ्या पाठीत घातला. मग उठली, वाळायला घातलेल्या पऱ्हाट्यांतली एक बरी काडी शोधली, आणि चूल पेटवायला आत गेली.